सान मारिनोचं २०२१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

५ ऑगस्ट २०२१, गुरुवार. सकाळी पुरुषांच्या हॉकी संघाने जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी पदक आणलं होतं, मग रवी दहियाचं रौप्य झालं होतं, आणि आम्ही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. ८६ किलो गटात दीपक पुनिया कांस्यपदकासाठी लढत होता. २-१ अशी आघाडी. शेवटची काही सेकंदं उरलेली. आता फक्त तग धरायचा, असं म्हणेपर्यंत समोरच्याने पट काढला आणि सगळं हातचं गेलं. पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘एसएमआर’ अशी तीन अक्षरं होती. घरात एक जण सुरिनाम म्हणाला, दुसरा समोआ. दोघंही चुकले. तो देश होता सान मारिनो.

तेव्हापासून मी या देशाच्या त्या वर्षाचा नाद धरला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो. ऐकणारे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हा देश आहे तरी कुठे, आणि केवढा?

इटलीच्या पोटात. चारही बाजूंनी इटली, समुद्र नाही, विमानतळ म्हणण्यासारखा नाही, रेल्वे नाही. रेल्वे होती, १९३२ साली शेजारच्या इटालियन शहरातून, रिमिनीहून, सुरू झालेली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये बंद पडली ती पडलीच. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईचा साधारण दहावा हिस्सा. लोकसंख्या ३४ हजारांच्या आसपास. मधोमध मोंते तितानो नावाचा डोंगर, त्याच्या कड्यावर ओळीने तीन बुरूज : ग्वाईता, चेस्ता आणि मोंताले. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाय झिजवलेल्या माणसाला ते फोटो बघून वेगळं काही सांगावं लागत नाही. कडा एका बाजूने सरळ तुटलेला, दुसऱ्या बाजूने उतार आणि उतारावर वस्ती.

परंपरेप्रमाणे स्थापना ३ सप्टेंबर ३०१ ची. मारिनुस नावाचा एक पाथरवट आजच्या क्रोएशियातल्या राब बेटावरून आला आणि छळाला कंटाळून या डोंगरावर राहिला, अशी कथा. जगातलं सर्वांत जुनं प्रजासत्ताक आपलंच, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.

म्हणजे इटलीचाच एक भाग ना?

नाही. भाषा इटालियन, चलन युरो, जेवण इटलीतल्या शेजारच्या रोमान्या भागाचं, पण देश स्वतंत्र. युरोपीय संघाचा सदस्यही नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. २०२१ मधल्या निम्म्या गोष्टी त्यावरच अडल्या किंवा त्यामुळेच सुटल्या.

२०२१ च का? कोविडची सुरुवात तर २०२० ला झाली.

२०२० त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. २७ फेब्रुवारी २०२० ला पहिला रुग्ण सापडला, ८८ वर्षांचे एक गृहस्थ. १ मार्चला ते गेले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ४० हून जास्त माणसं दगावली. आकडा किरकोळ वाटतो, पण ३४ हजारांत ४० म्हणजे काय ते लहान गावात राहिलेल्यालाच कळेल. बहुतेक प्रत्येक गेलेला माणूस कुणाच्या तरी ओळखीचा. त्या वसंतात लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यूंच्या जागतिक यादीत हा देश अगदी वर होता. अशा यादीचा छोट्या देशांवर अन्यायही होतो म्हणा : एक माणूस गेला तरी प्रमाण हलतं. अख्ख्या देशात इस्पितळ एकच, काईलुंगोचं सरकारी.

त्या धक्क्यातून बाहेर पडायला हा देश काय काय करतो, आणि तेही एकापाठोपाठ एक, हे २०२१ मध्ये दिसलं. लस, तीन पदकं, सार्वमत, एक मोठं कर्ज, फुटबॉलमधला दारुण पराभव. एवढ्या बातम्या या देशाच्या वाट्याला एरवी दशकभरातही येत नाहीत.

त्यांनी रशियाची लस का घेतली?

पर्याय येईना म्हणून. युरोपीय संघाने सदस्य देशांसाठी एकत्र लसी विकत घेतल्या आणि वाटल्या. सान मारिनो सदस्य नाही, म्हणून वाटणीत नाव नाही. जानेवारी २०२१ मध्ये इटलीशी करार झाला : इटलीला मिळणाऱ्या दर १,७०० डोसांमागे एक डोस सान मारिनोला. लोकसंख्येच्या हिशेबाने हे अगदी रास्त होतं. पण तेव्हा इटलीलाच लसी वेळेवर मिळत नव्हत्या. शेजारी रिमिनीत डॉक्टर-नर्सना लस टोचली जात होती आणि डोंगरावर, काही मैलांवर, एकही डोस नव्हता. कागदावर वाटा होता, हातात काही नव्हतं.

फेब्रुवारीत सरकारने मॉस्कोशी थेट बोलून स्पुटनिक व्ही मागवली. पहिली खेप ७,५०० डोसांची, म्हणजे दोन डोसांच्या हिशेबाने ३,७५० माणसांची. २३ फेब्रुवारीला माल आला, २५ तारखेला इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू. आरोग्य खातं तेव्हा रोबेर्तो चावात्ता यांच्याकडे होतं. नंतर थोडी फायझरही आली, पण देशाचं लसीकरण झालं ते मुख्यतः स्पुटनिकवर.

इथे लहान असण्याचा फायदा बघा. एका मोठ्या शहरात जी खेप दुपारपर्यंत संपली असती, तिने इथे देशाच्या दहाव्या हिश्श्याचं काम केलं. एप्रिल संपता संपता निर्बंध सैल झाले, बार-रेस्तराँ उघडली, आणि शेजारी इटलीत मात्र रात्रीची संचारबंदी चालूच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवे रुग्ण जवळपास थांबले. सान मारिनोची आणि रिमिनीची हवा एकच, भाजी एकाच बाजारातली, पण रात्री जेवायला बाहेर कुठे बसता येतं याचा नियम वेगळा. सीमा अशी चिमूटभर अंतरावर आली की तिचा अर्थ कळतो.

लस घ्यायला बाहेरून माणसं जात होती हे खरं का?

खरं. १७ मे २०२१ पासून ‘लस पर्यटन’ सुरू झालं. दोन डोसांचे मिळून ५० युरो. अट अशी की देशातल्या हॉटेलात किमान तीन रात्री राहायचं, आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्या डोससाठी परत येऊन पुन्हा राहायचं. म्हणजे खरा पैसा लसीचा नव्हता, हॉटेलवाल्यांचा होता. पर्यटनावर जगणाऱ्या देशाची हॉटेलं वर्षभर ओस पडली होती, त्यांना गिऱ्हाईक मिळालं.

एक मेख होती : इटलीत राहणाऱ्यांना ही सोय नव्हती. सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात जास्त गिऱ्हाईक तेच, पण त्यांच्यासाठी दार बंद. इटलीला दुखवून या देशाचं एक दिवसही चालत नाही. रोज हजारो माणसं इटलीतून इथे कामाला येतात, वीज-पाणी-माल सगळं तिकडून. शेजाऱ्याच्या लसीकरणात लुडबूड नको, असा तो व्यवहारी निर्णय होता आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट चालू होती. कोविनवर रात्री बारा वाजता जागा शोधणारी माणसं, आणि तिथे लस घेता घेता तीन दिवस डोंगर फिरायचा! हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मग ती लस युरोपात चालली का?

सगळीकडे नाही, आणि पुढच्या डोकेदुखीचं मूळ हेच. युरोपीय औषध संस्थेने स्पुटनिकला मान्यता दिलेली नव्हती. उन्हाळ्यात इटलीने ग्रीन पास आणला : हॉटेलात आत बसून जेवायचं, सिनेमाला जायचं, पुढे तर कामावर जायचं तरी पास हवा. सान मारिनोचा माणूस दोन डोस घेतलेला, प्रतिपिंडं भरपूर, पण नियमाप्रमाणे लस न घेतलेला. आणि त्याचं ऑफिस, कॉलेज, सासर, सगळं खाली रिमिनीत. शेवटी इटलीने सान मारिनोत लस घेतलेल्यांसाठी तात्पुरती सवलत काढली आणि तिची मुदत वाढवत नेली. दर वेळी मुदत संपत आली की डोंगरावर धाकधूक.

पुण्याच्या वाचकांना हे दुखणं परकं वाटायचं कारण नाही. सीरमची कोव्हिशील्ड त्याच उन्हाळ्यात युरोपीय यादीत नव्हती. तीच लस युरोपातल्या नावाने यादीत होती, पुण्यात बनलेली मात्र नव्हती. तिकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांनी तेव्हा कोणता देश कोव्हिशील्ड मानतो याच्या याद्या पाठ केल्या होत्या. कुपीत काय आहे यापेक्षा शिक्का कुणाचा, हा प्रश्न मोठा झाला होता. स्पुटनिक आपल्याकडेही आली होती, हैदराबादच्या डॉ. रेड्डीजमार्फत. तिचे दोन डोस एकसारखे नसतात. पहिल्यात एक विषाणू वाहक, दुसऱ्यात वेगळा. म्हणून दुसऱ्या डोसची खेप अडली की पहिल्याच्या उरलेल्या कुप्या तिथे चालत नाहीत.

ऑलिम्पिकमध्ये नेमकं काय झालं?

सान मारिनो १९६० पासून उन्हाळी ऑलिम्पिकला जातो. टोकियोपर्यंत पदक शून्य. टोकियोला गेले किती? पाच खेळाडू. परतताना तिघांच्या गळ्यात पदकं होती.

सुरुवात २९ जुलैला झाली, महिलांच्या ट्रॅप नेमबाजीत. (ट्रॅप म्हणजे यंत्रातून मातीची तबकडी सुटते, ती हवेत असतानाच बंदुकीने फोडायची. आपल्याकडे ‘उडती तबकडी’ म्हटलं की भलतंच डोळ्यासमोर येतं, पण इथे ती खरोखर उडते.) अलेस्सांद्रा पेरिल्ली तिसरी आली. स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक श्टेफेचेकोव्हाने पात्रता फेरीत १२५ पैकी १२५ तबकड्या फोडल्या होत्या, त्यामुळे सुवर्णाबद्दल कुणाला शंका नव्हती. पण या कांस्याला इतिहास होता. २०१२ मध्ये लंडनला पेरिल्ली रौप्य-कांस्यासाठीच्या तिहेरी शूट-ऑफपर्यंत (बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा फेरीपर्यंत) पोचली होती. तिघींमध्ये दोन पदकं. तिचा नेम चुकला, ती चौथी राहिली. देशाचं पहिलं पदक एका तबकडीने गेलं. त्या तिघींमधली दुसरी कोण होती? हीच श्टेफेचेकोव्हा. नऊ वर्षांनी दोघी पुन्हा एका मंचावर उभ्या राहिल्या.

दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, ट्रॅपच्या मिश्र सांघिक प्रकारात पेरिल्ली आणि जान मार्को बेर्ती अंतिम फेरीत. समोर स्पेन. निकाल ४१-४०. एका तबकडीने सुवर्ण हुकलं, पण देशाचं पहिलं रौप्य आलं. लंडनमध्येही एक तबकडी, इथेही एक.

तिसरं पदक ५ ऑगस्टचं, ज्याने आपला दिवस खराब केला.

हिशेबच करायचा तर सान मारिनोला साधारण ११ हजार माणसांमागे एक पदक. आपल्याला सात पदकांत, वीस कोटींमागे एक. हा हिशेब करून कुणाला काही सिद्ध करता येत नाही, पण मला तो दर ऑलिम्पिकला करावासा वाटतो.

तो पैलवान तर अमेरिकन होता ना?

माइल्स अमीन जन्मला, वाढला मिशिगनमध्ये; मिशिगन विद्यापीठाकडून खेळला. आईच्या बाजूने सान मारिनोचं नातं, त्यावरून नागरिकत्व. वडिलांची बाजू लेबनॉनची. आजोबा १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये लेबनॉनतर्फे कुस्ती खेळले होते. नाक मुरडणारे मुरडतात, पण सान मारिनोच्या बाबतीत हे उसनं आणलेलं नातं नाही. विसाव्या शतकात पोटासाठी या डोंगरावरून माणसं बाहेर पडली, इटलीत, फ्रान्समध्ये, अमेरिकेत. मिशिगनमध्ये त्यांची जुनी वस्ती आहे. आजही मतदारयादीतला मोठा हिस्सा परदेशात राहतो.

त्याच गटात सुवर्ण जिंकलं अमेरिकेच्या डेव्हिड टेलरने. त्याने उपांत्यपूर्व फेरीत अमीनला आणि उपांत्य फेरीत आपल्या दीपकला, दोघांनाही एकतर्फी हरवलं होतं. एकाच माणसाकडून मार खाल्लेले दोघं कांस्यासाठी समोरासमोर आले.

दीपक पुनियाच्या त्या लढतीत पुढे काय झालं? मारामारी झाली होती म्हणे.

लढत २-४ अशी गेली. नंतर भारतीय पथकातले परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव्ह पंचांच्या खोलीत गेले आणि पंचावर हात टाकला. त्यांची ऑलिम्पिकमधून हकालपट्टी झाली, नोकरीही गेली. दीपकचा यात काही दोष नव्हता. सान मारिनोच्या आनंदाच्या दिवसाला आपल्याकडून लागलेलं हे गालबोट; आपण ते विसरलो असलो तरी नोंद राहिली.

पदक जिंकणारा जगातला सर्वांत छोटा देश, हे बरोबर का?

बहुतेक ठिकाणी तसंच छापून आलं. आजच्या लोकसंख्या शेजारी शेजारी ठेवल्या तर बरोबर आहे. उन्हाळी ऑलिम्पिकपुरतं म्हणाल तर वादच नाही. आधी तो मान बर्म्युडाकडे होता, १९७६ मधल्या मुष्टियुद्धाच्या एका कांस्यासाठी. पण हिवाळी ऑलिम्पिक धरलं तर लिक्टेनस्टाईनकडे स्कीइंगची चिक्कार पदकं आहेत, १९८० मधली हान्नी वेन्त्सेलची सुवर्णं धरून, आणि तेव्हा तो देश आजच्यापेक्षा बराच लहान होता. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला ‘उन्हाळी’ हा शब्द घाला आणि बिनधास्त बोला.

सप्टेंबरचं सार्वमत कशाबद्दल होतं?

गर्भपाताबद्दल. त्या वर्षातली माझ्या मते सर्वांत मोठी घटना हीच, पदकांपेक्षाही.

१८६५ पासून या देशात गर्भपात गुन्हा होता. बाईला तीन वर्षांपर्यंत, डॉक्टरला सहा वर्षांपर्यंत कैद. बलात्कार असो वा आणखी काही, अपवाद नाही. प्रत्यक्षात काय व्हायचं? बाई गाडीत बसून इटलीत जायची. तिथे १९७८ पासून कायदेशीर आहे. पण परक्या देशात, स्वतःच्या खर्चाने, आणि गुपचूप. ३४ हजारांच्या देशात गुपचूप काही राहतं का, हा प्रश्नच. जिथे वाणी, डॉक्टर आणि खासदार एकमेकांना एकेरीत हाक मारतात, तिथे तो प्रवास किती लांबचा असेल.

उनियोने दोन्ने साम्मारिनेझी, म्हणजे तिथल्या महिलांची संघटना, हिने तीन हजारांहून जास्त सह्या गोळा करून सार्वमत लावलं. मागणी अशी : पहिल्या १२ आठवड्यांत परवानगी, त्यानंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल, किंवा गर्भातल्या दोषामुळे तिच्या शारीरिक-मानसिक आरोग्यावर गंभीर परिणाम होणार असेल तर. विरोध कॅथलिक गटांचा आणि सत्तेतल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा. प्रचार कडवट झाला. विरोधकांच्या एका पोस्टरवर डाउन सिंड्रोम असलेलं मूल होतं आणि त्यावरून बराच गदारोळ उठला.

२६ सप्टेंबरला मतदान झालं. ७७.३ टक्के बाजूने. मतदान मात्र ४१ टक्केच. हा आकडा वाचून ‘लोकांना रस नव्हता’ असं लिहिणारे घाई करतात. यादीतले हजारो मतदार परदेशात. त्यांना मत द्यायचं तर प्रवास करून मायदेशी यावं लागतं, आणि तोही साथीच्या काळात. त्याच रविवारी जर्मनीत संसदेची निवडणूक होती आणि स्वित्झर्लंडमध्ये समलिंगी विवाहावर सार्वमत. तीन निकाल एका दिवशी, त्यामुळे जगाच्या वर्तमानपत्रांत सान मारिनो आतल्या पानावर गेला.

निकालानंतर लगेच कायदा बदलला?

नाही. सार्वमताने दिशा दिली, कायदा लिहायचा होता. तो संसदेत मंजूर व्हायला ३१ ऑगस्ट २०२२ उजाडला. या देशात बायकांच्या बाबतीत सगळंच जरा उशिरा : पहिल्यांदा मत दिलं १९६४ मध्ये, घटस्फोट कायदेशीर झाला १९८६ मध्ये. तेराव्या शतकापासून निवडून आलेले राष्ट्रप्रमुख असलेल्या देशाबद्दल हे वाचताना मला दर वेळी ठेच लागते.

एका वर्षात सहा राष्ट्रप्रमुख? छापायला चुकलं असेल.

चुकलेलं नाही. राष्ट्रप्रमुख एकाच वेळी दोन असतात, त्यांना कपितानी रेजेंती म्हणतात, आणि मुदत फक्त सहा महिन्यांची. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदल. १२४३ पासून हे चालू आहे. २०२१ ची सुरुवात झाली तेव्हा अलेस्सांद्रो कार्देल्ली आणि मिर्को दोल्चीनी होते. एप्रिलला जान कार्लो वेन्तुरीनी आणि मार्को निकोलीनी आले, म्हणजे पदकं आणि सार्वमत त्यांच्या काळात. ऑक्टोबरला फ्रांचेस्को मुस्सोनी आणि जाकोमो सिमोन्चीनी.

दोघांनाही एकमेकांचा निर्णय अडवता येतो. उतरल्यावर तीन वर्षं पुन्हा उभं राहता येत नाही. आणि मला सर्वांत आवडणारा नियम : मुदत संपली की कोणताही नागरिक त्यांच्या कारभाराबद्दल तक्रार देऊ शकतो, तीन दिवसांच्या आत. रोजचा कारभार मात्र मंत्री बघतात आणि कायदे ६० जणांची संसद करते, त्यामुळे खुर्च्या बदलल्या म्हणून लसीकरण थांबलं वगैरे काही झालं नाही.

फुटबॉलमध्ये इंग्लंडने दहा गोल केले तो सामना त्याच वर्षीचा ना?

हो. १५ नोव्हेंबर २०२१, सेर्रावाल्ले. ०-१०. हॅरी केनने पूर्वार्धातच चार टाकले आणि इंग्लंड कतारच्या विश्वचषकाला पोचला. त्या पात्रता फेरीत सान मारिनोने दहा सामने खेळले, दहाही हरले, ४६ गोल खाल्ले, एक केला. तो एक निकोला नान्नीचा, ५ सप्टेंबरला घरच्या मैदानावर पोलंडविरुद्ध. सामना १-७ गेला. फिफाच्या क्रमवारीत तेव्हा २१० वे, म्हणजे शेवटचे.

संघात बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. २०२० च्या शरद ऋतूत याच संघाने लिक्टेनस्टाईन आणि जिब्राल्टर यांच्याशी ०-० बरोबरी केली होती, लागोपाठ दोन स्पर्धात्मक सामने न हरता; तेव्हा काय आनंद झाला असेल याचा अंदाज एका सामन्यात ३० धावांनी हरणाऱ्यालाही येणार नाही. २०२१ पर्यंत त्यांच्या खात्यात विजय एकच होता, २००४ मधला, लिक्टेनस्टाईनविरुद्ध १-०. दुसरा यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. समोर पुन्हा लिक्टेनस्टाईन आणि पुन्हा १-०.

सान मारिनो ग्रां प्री तिथेच होते ना?

नाही! हा गैरसमज सर्वांत चिवट. फॉर्म्युला वनची १९८१ ते २००६ ची सान मारिनो ग्रां प्री इटलीत इमोलाला व्हायची (१९९४ मध्ये चालक आयर्टन सेना अपघातात गेला ती हीच). मोटरसायकलींची, म्हणजे मोटोजीपीची, होते मिझानोला, तेही इटलीत, किनाऱ्याजवळ. २०२१ मध्ये १९ सप्टेंबरला ती फ्रांचेस्को बान्यायाने जिंकली. नाव देशाचं, जमीन शेजाऱ्याची.

युरोव्हिजनमध्ये, म्हणजे युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत, रॅपर फ्लो रायडा कसा काय आला?

सान मारिनोची गायिका सेनहित, जन्म बोलोन्याचा, आईवडील एरिट्रियाचे. तिच्या गाण्यात रॅपचा तुकडा होता आणि तो म्हणायला अमेरिकेतून फ्लो रायडा. विलगीकरणाच्या नियमांमुळे तो रॉटरडॅमला येणार की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. आला. २६ जणांत बाविसावे आले, ५० गुण. मला गाणं आवडलं होतं, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

एवढ्याशा देशाचं पैशाचं कसं चालतं?

बँका, छोटे कारखाने, दुकानदारी आणि पर्यटन. बँकांची घडी २००८ नंतर विस्कटली ती नीट बसलीच नव्हती, त्यात साथ. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाने इतिहासात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकले : ३४ कोटी युरो, तीन वर्षांसाठी, ३.२५ टक्के व्याजाने. दरडोई मांडलं तर माणशी दहा हजार युरो. त्याच महिन्यात लस आली, त्यामुळे या बातमीकडे कुणी पाहिलं नाही. पण फेडायची वेळ २०२४ ला आलीच.

नाण्यांचे शौकीन विचारतात म्हणून : २०२१ ची दोन युरोची स्मरणनाणी दोन होती, एक चित्रकार काराव्हाज्जोच्या जन्माला ४५० वर्षं झाली म्हणून, दुसरं चित्रकार ड्यूररच्या ५५० व्या जयंतीचं. दोघांपैकी कुणीही सान मारिनोचा नाही.

जायचं असेल तर व्हिसा?

वेगळा नाही. सीमेवर चौकी नाही, त्यामुळे इटलीत शिरायचा शेंगेन व्हिसा असला की झालं. रिमिनी स्टेशनसमोरून बस निघते, तासाभराच्या आत वर पोचवते. हाताशी वेळ असेल तर बोर्गो माज्जोरेला उतरून रोपवेने जा; दोन मिनिटांचा प्रवास, पण हवा स्वच्छ असेल तर खाली थेट समुद्र दिसतो.

पासपोर्टवर शिक्का कुणी मारत नाही, हवा असेल तर पर्यटन कार्यालयात जाऊन पाच युरो देऊन मारून घ्यावा लागतो. एक रंगीत तिकीट चिकटवतात, त्यावर तारखेचा ठसा उमटवतात. गरज काहीच नसते. तरी रांग असते.